काठी कुणी तोडायची? रानातल्या चुलीवरच्या लाकडी भांड्यांची गोष्ट



आजचा विषय कळवला तेव्हा काहींनी विचारलं, "पळी-उलथण्याला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलेल्या प्रसंगानेच करू. रानात मुक्काम आहे. तीन दगडांची चूल पेटली आहे, पातेल्यात खिचडी रटरटते आहे, आणि पळी घरी राहिली आहे. मग कुणीतरी उठतं, जवळच्या झाडाची एक फांदी मोडतं, चाकूने साल सोलतं आणि त्याच काठीने खिचडी ढवळतं. दोन मिनिटांचं काम.

पण या दोन मिनिटांत दोन प्रश्न सुटलेले असतात. पहिला, हे झाड कोणतं? सगळ्याच झाडांची काठी अन्नात घालण्यासारखी नसते. दुसरा, हे झाड कुणाचं? म्हणजे ही फांदी तोडायला आपल्याला मुभा आहे का? आम्ही आज या दोन प्रश्नांमागून जाणार आहोत. पहिला जुना आहे, फार जुना. दुसरा त्यामानाने अलीकडे तापलेला, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी पुराव्याची अडचण. उत्खननात जुनी चूल सापडते म्हणजे राख, तडकलेले दगड, हाडं, खापरं सापडतात. चुलीवरचं लाकडी साहित्य जवळजवळ कधीच सापडत नाही. लाकूड कुजतं हे एक कारण. दुसरं अधिक साधं आहे: मुक्काम हलवताना ही काठी कुणी सोबत नेत नाही, ती चुलीतच जाते. स्वयंपाकाचं हत्यार शेवटी स्वयंपाकाचं सरपण होतं. त्यामुळे हा इतिहास वस्तूंवरून कमी आणि शब्द, ग्रंथ, सवयी यांवरून जास्त लिहावा लागतो.

तरी एखादी जागा नशिबाने वाचते. इटलीतल्या टस्कनी भागात पोगेत्ती वेक्की नावाचं ठिकाण आहे. तिथे सुमारे 1,70,000 वर्षांपूर्वीच्या लाकडी काठ्या मिळाल्या. स्वयंपाकाच्या नव्हेत, कंद वगैरे खणायच्या असाव्यात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बहुतेक काठ्या बॉक्सवूड नावाच्या अतिशय कठीण, घट्ट लाकडाच्या होत्या, म्हणजे निवड विचार करून झालेली होती. आणि काठ्यांचा पृष्ठभाग जागोजागी भाजलेला होता. दगडी हत्याराने जे तासायला जड जातं, ते विस्तवावर जरा करपवलं की खरवडून निघतं. आगीने लाकूड जाळता येतं हे कुणालाही कळतं. आगीने लाकूड घडवता येतं हे कळायला वेगळी नजर लागते. रानात चमच्याचा खळगा करणारे आजही तेच करतात: लाकडावर निखारा ठेवायचा, नळीने हळूहळू फुंकायचं, जळलेला भाग दगडाने किंवा शिंपल्याने खरवडायचा आणि पुन्हा निखारा ठेवायचा. वेळ लागतो, पण खळगा होतो.

आता खरं कोडं बघा. लाकडाच्या भांड्यात पाणी उकळता येईल का? उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोकांनी, हायडा, क्वाक्वाकावाक्व अशा समाजांनी, ते शतकानुशतकं केलं. सीडरची एकच लांब फळी घ्यायची, तिला आडव्या तीन खाचा पाडायच्या, वाफेवर मऊ करायची आणि खाचांपाशी वाकवून चौकोन करायचा. चौथा कोपरा शिवून किंवा खुंट्या ठोकून बंद करायचा आणि खाली तळ बसवायचा. पेटी अशी घट्ट की पाणी गळत नाही. ही पेटी चुलीवर ठेवत नाहीत. दगड विस्तवात लाल करायचे, लाकडी चिमट्याने उचलायचे, राख जावी म्हणून छोट्या पेटीतल्या पाण्यात क्षणभर बुचकळायचे आणि मग मासे-पाणी असलेल्या मोठ्या पेटीत सोडायचे. थोड्या वेळात पाणी खळखळू लागतं. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या असिनिबॉइन लोकांचं नावच मुळी शेजाऱ्यांनी 'दगडांनी रांधणारे' अशा अर्थाचं ठेवलं होतं.

आपल्याकडे लांब जायला नको. आसामात भाताचा चुंगा करतात, म्हणजे चिकट तांदूळ ओल्या बांबूच्या नळीत भरून ती नळी विस्तवावर फिरवत भाजायची. नळी वरून काळी होते, पण आत पाणी असेपर्यंत जळून जात नाही. कारण पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही, आणि ओल्या बांबूच्या भिंतीतलं पाणीही आधी उडून जावं लागतं. ओल्या काठीवर भाजणं जमतं ते याचमुळे. सुकी काठी घेतलीत तर काठी पेटते आणि जेवण विस्तवात पडतं. इथे एक अनुभव सांगतो. आम्ही एकदा उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंनी पेरं बंद असलेला बांबू विस्तवात ठेवला. आतली हवा आणि वाफ जायला वाट नव्हती. असा बार उडाला की जेवायला बसलेली माणसं ताटं टाकून उठली. बांबू वापरा, पण त्याला तोंड ठेवा.

आता आपल्या परंपरेतल्या सगळ्यात नोंदवलेल्या उघड्यावरच्या चुलीकडे येऊ. तिला चूल म्हटलं तर काही लोक रागावतील, पण यज्ञवेदी म्हणजे मोकळ्या जागी मांडलेला, काही काळापुरता अग्नी. श्रौत यज्ञाची साधनं पाहिली तर अग्नीत तूप घालायच्या पळ्या सगळ्या लाकडाच्या आहेत, आणि कोणती पळी कोणत्या झाडाची हे ठरलेलं आहे. स्रुव खैराचा, जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची. तैत्तिरीय संहितेत याची कारणं कथांमधून दिली आहेत. गायत्रीने स्वर्गातून सोम आणला तेव्हा त्याचं एक पान गळून पडलं आणि त्याचा पळस झाला, म्हणून जुहू पळसाची. कथेमागचा धार्मिक अर्थ अभ्यासक सांगतील. आम्हाला त्यात दिसते ती एक सवय: पळी करायची म्हणजे आधी झाडाचं नाव घ्यायचं. नुसतं 'लाकूड' असं काही नसतंच. खैर असतो, पळस असतो, पिंपळ असतो.

या पळ्यांचं पुढे काय होतं? अग्निहोत्र पाळणारा यजमान वारला की त्याची यज्ञपात्रं त्याच्या देहावर मांडतात, जुहू उजव्या हातात, उपभृत् डाव्या, आणि लाकडी पात्रं त्याच्याबरोबर जळतात. 1975 च्या एप्रिलमध्ये केरळातल्या पांजाळ गावी अग्निचयन झालं, फ्रिट्स स्टाल यांनी त्याचं चित्रीकरण आणि सविस्तर नोंदी केल्या. तिथे शेवटी यज्ञमंडपच पेटवून देण्यात आला. म्हणजे इथेही पुरावा अग्नीच्याच पोटात.

धर्मशास्त्रातली आणखी एक बाब, फारशी सांगितली न जाणारी. मनुस्मृतीत आणि इतरत्र 'द्रव्यशुद्धी' नावाचा विषय आहे, कोणती वस्तू विटाळली तर कशी शुद्ध करायची. लाकडाच्या भांड्यांसाठी सांगितलेला उपाय म्हणजे तासणं. वरचा थर तासून काढला की खाली नवं लाकूड. विटाळाच्या कल्पनेने या देशात किती माणसांचा छळ झाला हे आपण जाणतो, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण तासण्याचा हा उपाय स्वयंपाकघराच्या अनुभवातूनच आलेला आहे. मसाल्याचा वास बसलेला चाटू आजही आपण खरवडूनच काढतो.

आता कोकणात उतरू. तिथली डवली, गोव्याकडे दवलो, तुम्ही पाहिली असेल. अर्धी करवंटी, तिला समोरासमोर दोन भोकं, त्यातून आरपार गेलेला बांबूचा दांडा. खिळा नाही, डिंक नाही. आमच्या मते हातासरशी बनवलेल्या भांड्याचा याहून चांगला नमुना मिळणं कठीण. गरम आमटीत दांडा तापत नाही, करवंटी वितळत नाही, मोडली तर नारळ परसात आहेच. तीच गोष्ट सुपारीच्या विरीची, पळसाच्या पत्रावळीची. रायगडात थंडीत शेतावर पोपटी लावतात, तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्डीचा पाला कोंबतात. दुसरा कुठलाही पाला चालत नाही, आणि हे कुठल्याही वर्गात शिकवलं जात नाही.

कारण चुकीचा पाला, चुकीची काठी महाग पडते. बिब्ब्याच्या झाडाशी झटापट केलेला माणूस अंगावर फोड घेऊन घरी येतो, त्याला आपल्याकडे 'बिब्बा उतला' म्हणतात. रुई, शेर यांचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते गुराख्याच्या पोराला विचारा. आणि कण्हेर.

कण्हेरीवर थोडं थांबू, कारण तिची एक जगभर फिरणारी गोष्ट आहे. नेपोलियनच्या सैन्याची एक तुकडी स्पेनमध्ये होती. सैनिकांनी मांस भाजायला हाताशी असलेल्या कण्हेरीच्या काठ्या घेतल्या आणि खाणाऱ्यांपैकी कित्येक दगावले. हीच गोष्ट कधी सिकंदराच्या सैनिकांची म्हणून सांगतात, तर कधी अमेरिकेतल्या बालवीरांच्या सहलीची म्हणून. माणसं बदलतात, देश बदलतात, काठी मात्र कण्हेरीची. गोष्ट अशी फिरायला लागली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी कण्हेरीच्या ओल्या आणि सुक्या काठ्यांवर सॉसेज भाजून त्यात ओलिअँड्रिन हे विष किती उतरतं ते मोजलं. प्रमाण नगण्य निघालं. म्हणजे सैनिक मेल्याची गोष्ट बहुधा दंतकथाच. पण थांबा, लगेच कण्हेर तोडायला निघू नका. झाड विषारी आहे यात शंका नाही, त्याची पानं-मुळं पोटात जाऊन माणसं मेली आहेत. दंतकथा खोटी असली तरी तिचं काम खरं होतं. झाडाचं नाव विचारल्याशिवाय काठी तोडू नको, एवढंच ती सांगत होती.

आता दुसरा प्रश्न. झाड कुणाचं?

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र सर्वांना ठाऊक आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून ते सांगितलं जातं. पण त्याच पत्रात छावणीतल्या विस्तवाबद्दल मोठी काळजी आहे. कुणी भलत्या जागी चुली मांडतील, कुणी आगट्या करतील, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेतील, गवताच्या गंजी आणि वारा कुणी बघणार नाही, उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी खाक होईल. हजारो माणसं आणि घोडी उघड्यावर राहतात तेव्हा स्वयंपाक ही केवढी धोक्याची गोष्ट असते, ते या पत्रावरून कळतं. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, 1715 च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांचा विषय येतो. आरमाराला लाकूड हवं, पण आंबा-फणसाला हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यायचं. म्हणजे झाडाला धनी आहे, आणि राज्यालाही त्याला विचारावं लागतं, ही कल्पना लिहून ठेवलेली आहे. प्रत्यक्षात किती पाळली गेली हा निराळा विषय.

इथून आम्ही तुम्हाला दीड-दोनशे वर्षं पुढे आणि समुद्रापार नेणार आहोत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या काठीचं एक नवल झालं. ती पुस्तकात गेली.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा गृहस्थ होता, जन्म 1821, धंद्याने चांभार. क्षयाने पोखरलेला, पाच फूट तीन इंचांचा माणूस. 1883 मध्ये त्याने साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोही नाही, अशा वजनाच्या होडीतून ॲडिरॉन्डॅकच्या सरोवरांमधून 266 मैलांचा प्रवास केला. पुढच्या वर्षी त्याचं 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक निघालं. कमी ओझं घ्या, छोटी कुऱ्हाड आणि चाकू घ्या, बाकीचं रान देईल, असा त्याचा बाणा. तो 'नेसमक' या टोपणनावाने लिही. हे नाव त्याचं नव्हतं. लहानपणी ज्या मूळनिवासी तरुणाने त्याला खांद्यावर बसवून जंगल दाखवलं, त्याचं ते नाव. नाव पुस्तकावर आलं, माणूस राहून गेला.

पुढे होरेस केफार्ट आला. सेंट लुईसच्या मोठ्या ग्रंथालयाचा प्रमुख, घर-नोकरी विस्कटल्यावर 1904 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात राहायला गेला. त्याचं छावणीजीवनावरचं पुस्तक 1906 चं. चुलीवर भांडं टांगायची आकडी कशी करायची, तर फाटा फुटलेली फांदी उलटी धरायची, फाट्याचा आकडा होतो, आणि दुसऱ्या टोकाला खाच पाडली की भांड्याची कडी त्यात बसते. या क्षुल्लक आकडीला कुठे कुठे काय म्हणतात, तेही त्याने ग्रंथपालाच्या चिकाटीने गोळा केलं. पुस्तक त्याने नेसमकच्या स्मृतीला अर्पण केलं. सिअर्सच्या, अर्थात. खांद्यावर बसवणाऱ्याच्या नव्हे.

आणि मग रॉबर्ट बेडन-पॉवेल. हिंदुस्थानात घोडदळात नोकरी, 1896 मध्ये आफ्रिकेत माताबेले लोकांविरुद्धची मोहीम, तिथल्या डोंगरात अमेरिकन वाटाड्या फ्रेडरिक बर्नहॅमकडून घेतलेले माग काढण्याचे धडे, मग माफेकिंगचा 217 दिवसांचा वेढा. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्याने इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचं शिबिर घेतलं. मुलांना गोळा करायला तो आफ्रिकेतून आणलेलं कुडूचं शिंग फुंकत असे. 1908 मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' सहा भागांत निघालं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

त्या पुस्तकात भाकरी करण्याची एक कृती आहे. भांडं नसेल तर कोट काढा, आतली बाजू वर करून जमिनीवर पसरा आणि त्यावर पीठ मळा. (आपल्याकडे कुणी हे केलं असतं तर आईचा धपाटा ठरलेला.) दुसरी कृती जास्त शहाणपणाची. जाडजूड काठी तोडा, एका टोकाला अणी करा, साल सोला, काठी विस्तवात तापवून घ्या. कणकेची लांब पट्टी तिच्याभोवती नागमोडी गुंडाळा आणि काठी विस्तवाशेजारी जमिनीत रोवून अधूनमधून फिरवत राहा. काठी आधी तापवायची, कारण त्याशिवाय पाव आतून कच्चा राहतो. ही युक्ती बेडन-पॉवेलची नव्हे. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडचे सैनिक मक्याचं पीठ बंदुकीच्या गजाला गुंडाळून असंच भाजत होते. आपल्या विदर्भातल्या रोडग्यांना तर काठीसुद्धा लागत नाही, गोवऱ्यांचा आर पुरतो.

अर्न्स्ट टॉम्पसन सीटन याने 1902 मध्येच अमेरिकेत 'वुडक्राफ्ट इंडियन्स' नावाने मुलांचे गट सुरू केले होते आणि 1906 मध्ये आपलं पुस्तक बेडन-पॉवेलला दिलं होतं. आपल्या कल्पना उचलल्या आणि श्रेय दिलं नाही, ही सीटनची तक्रार कायम राहिली. ती खरीही होती. पण सीटनचं ज्ञान तरी कुठलं? त्याच्या गटांच्या नावातच उत्तर आहे. दोन गोरे लेखक श्रेयासाठी भांडत होते, आणि ज्यांच्याकडून दोघे शिकले ते राखीव वस्त्यांत कोंडलेले होते.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. 1878 चा वन कायदा आला. राखीव जंगल ठरलं की तिथे स्पष्ट परवानगी असेल तेवढंच करता येईल, बाकी सगळा गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची आणि आदिवासींची ओरड एवढी झाली, विशेषतः राबासाठी फांद्या तोडण्यावरून, की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनी त्याआधीच, 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, जंगल खात्याने डोंगर आणि गायरानं कशी गिळली ते लिहून ठेवलं होतं. पुढे 1927 चा कायदा आला, जो आजही चालू आहे. त्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला गेला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण कायद्याने ते झाड, म्हणून तोडणं आणि नेणं खात्याच्या हातात.

या तारखा शेजारी ठेवून बघा, एवढंच आमचं म्हणणं आहे. 1908 मध्ये इंग्लंडमधल्या पोराला पुस्तक सांगतं, काठी तोड, साल सोल, स्वावलंबी हो. त्याच वर्षी शहापूर-जव्हारच्या बाजूच्या पोराला, ज्याला ही काठी पुस्तकाशिवाय माहीत आहे, तीच काठी राखीव रानातून आणताना शिपायाची भीती. एकाचं कौशल्य, दुसऱ्याचा गुन्हा.

आणि स्काउटिंग? ते हिंदुस्थानात 1909 मध्येच आलं. बंगळुरूत कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिलं पथक काढलं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद. या पोरांना माग काढायला, रानात राहायला शिकवलं तर पुढे काय होईल, याची सरकारला धास्ती होती. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी, मुलांना टोपीऐवजी फेटा देऊन. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीमार्फत. 1921 मध्ये बेडन-पॉवेल इथे आला तेव्हा बरीच पथकं एकत्र आली, सेवा समिती वेगळीच राहिली. सगळ्यांची मिळून भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली ती 7 नोव्हेंबर 1950 ला. त्यानंतर आपल्या शाळांतली मुलं काठीवर पीठ गुंडाळून भाजायला शिकली. इंग्रजांकडून, असं त्यांना वाटलं.

काठीच्या मालकीचा प्रश्न मात्र स्काउटिंगने सुटणारा नव्हता. तो 2006 च्या वनहक्क कायद्यापर्यंत लोंबकळला. त्या कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आणि त्यात बांबूचं नाव स्पष्ट घातलं. तरी खातं म्हणे, बांबू झाडच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना खात्याकडेच होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. बांबूला 1927 च्या व्याख्येतून वगळायला 2017 उजाडलं, आणि तेही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरतंच उपयोगाचं.

आता तुमच्यातले ट्रेकर विचारतील, मग आम्ही सह्याद्रीत काठी तोडायची की नाही? राखीव वनात किंवा अभयारण्यात असाल तर नाही, आणि विस्तवही नाही. गावाच्या मालकीच्या जागेत असाल तर गावातल्या माणसाला विचारा. तो आधी कुठल्या झाडाची घ्यायची ते सांगेल, मग बहुधा स्वतःच कोयता घेऊन येईल, आणि निघताना पळी चुलीत टाकू नका, उद्या दुसऱ्या कुणाला लागेल, असंही म्हणेल. आम्हाला भीमाशंकरच्या बाजूला असाच एक म्हातारा भेटला होता. त्याने करून दिलेला बांबूचा चाटू आमच्या घरी अजून आहे. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही, ही आमची चूक.

वेळ संपत आली आहे, इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊया.